चेंबर फुटतं ते हौसेमुळे नव्हे

गाडीचं चेंबर फुटलं असं कळलं की लोक विचारतात, "कुठं आपटलं?" पण गाडी बुटकी, दोनच माणसांची, सुटे भाग आणून जोडलेली असेल तर हा प्रश्न कुणी विचारत नाही. निकाल आधीच लागलेला असतो: आपल्या रस्त्यांवर असली गाडी आणायचीच कशाला? नगर जिल्ह्यात, म्हणजे कागदोपत्री आताच्या अहिल्यानगरात, हे वाक्य चहाच्या टपरीपासून विम्याच्या सर्व्हेअरपर्यंत कुणाच्याही तोंडी सहज येतं. निकालामागोमाग सल्लाही ठरलेला. खालून जाड पत्रा ठोकून घ्या, नाहीतर गाडी चार बोटं उचलून घ्या.

यातला निकाल खोटा आहे आणि सल्ला अर्ध्याहून जास्त चुकीचा आहे. चेंबर, पुस्तकी भाषेत ऑइल संप, फुटतं तेव्हा कुणीतरी कुठेतरी माप घ्यायचं राहून गेलेलं असतं. कधी ते गाडी जोडणाऱ्याकडून राहतं, बऱ्याचदा रस्त्यावर गतिरोधक ओतणाऱ्याकडून. दोघांच्या चुकीचं बिल मात्र मालकाच्या हौसेच्या नावावर फाडलं जातं.

किट कार म्हणजे श्रीमंतांचे चोचले, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. या गाडीचा जन्म नेमका उलट्या कारणाने झाला. १९५७ साली इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' आणली आणि ती सुट्या भागांत विकली, कारण तयार गाडीवर खरेदी कर लागे आणि सुट्या भागांवर तो लागत नसे. ज्याच्याकडे पुऱ्या गाडीचे पैसे नव्हते, पण पाने-पक्कड आणि रिकामे शनिवार-रविवार होते, त्याची ती गाडी. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला, सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅमकडे गेले आणि त्या वळणाची गाडी आजही बनते.

महाराष्ट्रात हे वळण अलिबागला आलं. गुइडो बोथे आणि शमा बोथे यांनी या शतकाच्या सुरुवातीला कार्लेखिंडीत 'चिंकारा मोटर्स' सुरू केली. त्यांची 'रोडस्टर १.८ एस' सरळसरळ सेव्हनच्या घराण्यातली: फायबरग्लासचं अंग, लांबट नाक, उघडी चाकं, जमिनीलगतची बैठक. आणि त्या नाकाखाली इसुझुचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, हिंदुस्तान मोटर्सच्या ॲम्बेसेडरमध्ये बसायचं तेच.

सगळी कथा या शेवटच्या वाक्यात आहे. ॲम्बेसेडर ही उंच गाडी. तिचं बॉनेट उंच, आत इंजिनाला वर सरकायला भरपूर जागा, आणि खाली जमिनीपासून साधारण १६ सेंटिमीटरची मोकळीक. अशा गाडीसाठी केलेल्या इंजिनाचं चेंबर खोल असलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. उलट खोल असलेलं बरं: तेल एका जागी जमतं आणि ऑइल पंपाचा स्ट्रेनर त्यात कायम बुडून राहतो. तेच इंजिन बुटक्या बॉनेटखाली घालायचं म्हटलं की ते खाली ढकलावं लागतं. मग चेंबर सांगाड्याच्या खालच्या नळीच्याही खाली लोंबतं. सेव्हनच्या घराण्यातल्या गाड्यांत जमिनीपासूनचं अंतर चार इंचांच्या आसपास खेळतं आणि रस्त्याला सगळ्यात आधी भिडतं ते हेच तेलाचं भांडं, पातळ पत्र्याचं किंवा ओतीव ॲल्युमिनियमचं. सांगाडा, एक्झॉस्ट यांचा नंबर नंतर.

म्हणजे मालकावर टीका करायचीच असेल तर ती इथे करता येते. दुसऱ्या गाडीचं इंजिन उचलून आणलं आणि त्याचं चेंबर जसंच्या तसं लोंबत ठेवलं, ही जोडणाऱ्याची चूक. ती कबूल करायला हवी. पण 'बुटकी गाडी आणली' आणि 'चेंबर लोंबत ठेवलं' हे दोन वेगळे गुन्हे आहेत. दुसरा सुधारता येतो. पहिला मुळात गुन्हाच नाही.

आता जाड पत्र्याकडे. हा सल्ला इतका लोकप्रिय आहे की त्याची नीट चिरफाड व्हायलाच हवी.

गॅरेजमध्ये 'चेंबर गार्ड' म्हणून जे बसवलं जातं, ते पुष्कळदा पाच-सहा मिमीची लोखंडी प्लेट असते आणि ती जिथे सोयीचं तिथे बोल्टने आवळलेली असते. सोयीची जागा म्हणजे चेंबरचीच कड. कारण तिथे बोल्ट आयते असतात, सांगाड्याला नवे कान वेल्ड करावे लागत नाहीत. परिणाम असा की दगडाचा फटका प्लेटने घेतला तरी तो जातो कुठे? थेट चेंबरच्या कडेत, तिथून इंजिनाच्या ब्लॉकमध्ये. कड वाकते, पॅकिंग सुटतं आणि तेल झिरपायला लागतं. चेंबर ओतीव ॲल्युमिनियमचं असेल तर वाकण्याचीही सोय नाही. ते तडकतं. जे वाचवायचं त्यालाच ढाल बांधली आणि ढालीवरचा मार त्यालाच दिला.

नगरकरांना याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. सोलापूर रस्त्याकडे आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभारलेलं रणगाडा संग्रहालय आहे. तिथले सेंच्युरियन, विजयंता, पकडून आणलेले पॅटन बघून 'जाड पत्रा ठोका' म्हणणाऱ्यांना स्फुरण चढत असेल तर त्यांनी एक गोष्ट नीट पाहावी. रणगाड्याचं पोलाद इंजिनाला बोल्टने लावलेलं नसतं. ते पोलाद म्हणजेच त्याचा सांगाडा असतो; इंजिन आत वेगळ्या आधारांवर बसतं. मार सांगाड्याने खायचा आणि इंजिनाने त्यापासून अलिप्त राहायचं, हा त्यातला धडा. पोलाद किती जाड, ही नंतरची गोष्ट.

म्हणून गार्ड बसवायचा तर सांगाड्याच्या नळ्यांना. पुढची कड वर वळलेली हवी, म्हणजे दगड किंवा गतिरोधकाची धार तिच्यावरून घसरेल. सपाट कड फावड्यासारखी अडकते आणि मग पुढचा सगळा भाग फाटतो. प्लेट आणि चेंबर यांच्यात एक-दीड सेंटिमीटर मोकळी जागा हवी, कारण प्लेटही मार खाताना वर लवते. तेल सोडायच्या बोल्टखाली भोक हवं. वारा खेळायला मागच्या बाजूला फटी हव्यात, कारण चेंबर तेलाची गरमीही बाहेर टाकत असतं आणि नगर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतला पारा चाळिशी ओलांडतो. फटी पुढच्या बाजूला ठेवल्या तर त्या चिखल आणि उसाचं पाचट गोळा करतात. ते पाचट एक्झॉस्टजवळ वाळून बसलं की दुसराच धोका उभा राहतो.

धातूचं काय? साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरची पाच मिमी ॲल्युमिनियम प्लेट साधारण साडेतीन किलो भरते. तेवढ्याच मापाची लोखंडी प्लेट साडेदहा किलो. हलकेपणा हाच जिचा सगळा जीव, अशा गाडीच्या नाकाखाली दहा किलो लोखंड लटकवायचं म्हणजे पुढचं सस्पेन्शन आणखी दबणार. अर्थात ॲल्युमिनियम घासून लवकर झिजतं. तरी पसंती त्यालाच द्यावी आणि झिजलं की बदलावं. ज्या गावाने देशाला लुना दिली आणि जिथे नागापूर एमआयडीसीत पत्रा वाकवणारी, कापणारी वर्कशॉप्स आहेत, तिथे ही प्लेट करून घेणं अवघड नाही.

एवढं सगळं बरोबर केलं तरी एक हिशेब उरतो आणि तो कुणी मांडत नाही. पाच मिमीची प्लेट आणि वर बारा मिमीची मोकळी जागा म्हणजे सतरा मिमी गेले. जमिनीपासून शंभर मिमी होते, आता त्र्याऐंशी राहिले. गार्डने गाडी आणखी बुटकी केली! आधी जिथून नुसता वारा जात होता तिथे आता प्लेट घासणार. लोंबत्या चेंबरखाली गार्ड लावणं हा म्हणूनच उपाय नाही. आधी चेंबर वर घ्यायला हवं, सांगाड्याच्या खालच्या नळीच्या रेषेत किंवा तिच्याही वर. मग गार्ड त्या रेषेत बसतो आणि उंचीतून काहीही खात नाही. क्रम उलटा केला की पैसे वाया.

चेंबर वर घेणं म्हणजे खालून कापून तळ वेल्ड करणं, असंही काही जण समजतात. खोली कमी केली की तेल कमी मावतं, आणि कमी तेल लवकर तापतं. म्हणून जेवढी खोली कापली तेवढी जागा दोन्ही बाजूंना पंखांसारखी वाढवावी लागते. उथळ, पसरट चेंबरमध्ये तेल इकडेतिकडे पळतं. वळणावर गाडीवर गुरुत्वाकर्षणाइतकंच आडवं बल आलं तर तेलाचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशात तिरका होतो. सगळं तेल एका कडेला आणि स्ट्रेनर कोरडा. ते रोखायला आत आडवे पडदे घालतात, ज्यांना बॅफल म्हणतात, आणि त्यांत तेल फक्त स्ट्रेनरकडे येऊ देणाऱ्या झडपा बसवतात. शर्यतीच्या गाड्यांत याहून पुढचा मार्ग आहे, ड्राय संप: तेल वेगळ्या टाकीत ठेवायचं आणि इंजिनाखाली फक्त उथळ ताट उरवायचं. तो महाग आहे आणि त्यात पाइप, जोड, पंप सगळंच वाढतं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला पडदे घातलेलं पसरट चेंबर पुरे.

स्ट्रेनरची जागाही नव्याने ठरवावी लागते. त्याचं तोंड तळापासून जेमतेम सहा ते दहा मिमीवर असतं. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण 'चेंबरला फक्त पोचा आलाय, गळत तर नाही' असं म्हणून जे निर्धास्त होतात त्यांचा घात तो करतो. पत्र्याचा तळ दहा मिमी वर दबला की स्ट्रेनरचं तोंड झाकलं जातं. खाली थेंब पडत नाही, डिपस्टिकवर तेल पुरेपूर दिसतं आणि पंपाला मात्र तेल मिळत नाही. पुढच्या चढावर बेअरिंग जातात. पोचा आलेलं चेंबर उतरवून बघितल्याशिवाय गाडी लांब नेऊ नये. फुटलेलं चेंबर निदान रस्त्यावर तेलाचा पट्टा सोडून ओरडून तरी सांगतं.

'गाडी उचला' या दुसऱ्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे. स्प्रिंगची बैठक फिरवून पंधरा-वीस मिमी मिळत असतील तर घ्यावेत. त्याहून वर गेलं की ॲक्सलचे कोन बिघडतात, स्टिअरिंगचे दांडे तिरके होतात आणि खड्ड्यात चाक वर-खाली झालं की गाडी आपोआप इकडेतिकडे वळू पाहते. अशा गाडीचा जो गुण, तोच मारून तिचं चेंबर वाचवायचं हा वेडगळ सौदा झाला. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहेच. उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात चढलेल्या मूळ तपशिलांत बदल होईल असा फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये आणखी कडक शब्दांत सांगितलं. उंची हवी तर ती कागदावर गाडी आखतानाच ठेवायची असते. कार डिझायनर दिलीप छाब्रिया यांची 'अवंती' २०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात आली तेव्हा ती दिसायला जमिनीला चिकटलेली होती, पण तिची जमिनीपासूनची उंची साध्या हॅचबॅकइतकी, सुमारे १७० मिमी होती. बुटकं दिसणं आणि खाली लोंबणं यांत फरक असतो, तो असा.

आता मुख्य आरोपीकडे.

'आपले रस्ते असल्या गाड्यांसाठी नाहीत' असं म्हणणारे रस्त्याला निसर्गनियम समजतात, जणू गतिरोधक पावसासारखे वरून पडतात. भारतीय रस्त्यांची मापं लिहून ठेवलेली आहेत. ती लिहिणारी इंडियन रोड्स काँग्रेस १९३४ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या मागे होती बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीची शिफारस. पुणे विद्यापीठाचे पुढे पहिले कुलगुरू झालेले तेच हे जयकर. या संस्थेच्या ९९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत, १९८८ साली, गोलाकार गतिरोधकाचं माप दिलं गेलं: प्रवासाच्या दिशेने लांबी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून सुखाने जावी हा हेतू. चाळीस मीटर आधी फलक, अंगावर पट्टे.

हे माप बुटक्या गाडीवर लावून पाहिलं की जे निघतं त्याने या वादाचा निकाल लागायला हवा. सेव्हनच्या वळणाच्या गाडीची पुढच्या आणि मागच्या चाकांतली लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास असते. गतिरोधक ३.७ मीटरचा, म्हणजे एका क्षणी चारही चाकं त्याच्याच गोलाईवर असतात आणि गाडी त्याच्यासोबत वर उचलली जाते. पोटाखालची जागा किती घटते? भूमितीच्या साध्या सूत्राने मध्यावर ३७ मिमी. चेंबर तर मध्यावर नसतं, ते पुढच्या चाकांच्या मागे, समजा अर्ध्या मीटरवर असतं. तिथे घट फक्त २६ मिमी. शंभर मिमी मोकळीक असलेली गाडी १० सेंटिमीटर उंचीच्या नियमातल्या गतिरोधकावरून चेंबरखाली सत्तरहून जास्त मिमी राखून पार होते. नेहमीच्या कारची चाकांमधली लांबी २.६ मीटर धरली तर तिची मध्यावरची घट ५० मिमी, म्हणजे बुटक्या पण आखूड गाडीपेक्षा जास्त.

आता गावात रातोरात ओतलेला गतिरोधक घ्या. फूट-दीड फूट रुंद, उंची तेवढीच दहा सेंटिमीटर, अनेकदा पंधरा. पुढची चाकं त्यावरून उतरली की तो अख्खा गाडीच्या पोटाखाली येतो आणि त्याची पूर्ण उंची मोकळिकीतून वजा होते. नेमक्या त्याच क्षणी पुढचं सस्पेन्शन उतरण्याच्या धक्क्याने दबलेलं असतं आणि चेंबर पुढच्या चाकांच्या लगेच मागे. चालकाने घाबरून ब्रेक दाबलेला असेल तर नाक आणखी खाली. शंभरातून शंभर गेले, वर दबलेल्या स्प्रिंगचे वीस-तीस. दोन्ही गतिरोधक कागदावर 'दहा सेंटिमीटर उंच' असले तरी एक गाडीला उचलतो आणि दुसरा तिचं पोट फाडतो. गाडी तीच, मालकाची हौस तीच.

अपघात झाला, पोर दगावलं, गाव संतापलं आणि संध्याकाळपर्यंत गतिरोधक पडला, ही नगर जिल्ह्यातल्या कित्येक रस्त्यांची कहाणी आहे. त्या संतापाला नावं ठेवायचं कारण नाही. पण तो गतिरोधक घालणाऱ्या ठेकेदाराच्या हातात साचा नव्हता आणि बांधकाम खात्याने नंतर तो मोजला नाही, याला संताप जबाबदार नाही. राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढून टाकावेत असे आदेश केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्येच दिले. तरी माळशेज चढून टाकळी ढोकेश्वर, भाळवणीवरून नगरला येणाऱ्याने किंवा राहुरी, कोल्हार, शिर्डी करत मनमाडकडे जाणाऱ्याने आपल्या अनुभवाची या आदेशाशी तुलना करून पाहावी. नगर–मनमाड रस्त्याच्या दुर्दशेवर तर वर्षानुवर्षं आंदोलनं झाली आहेत.

गतिरोधकांखेरीज जिल्ह्याचे खास आपले प्रकार आहेत. काळ्या मातीत रस्ता फुगतो, आकसतो, आणि डांबराची कड मुरमाच्या साइडपट्टीपासून तीन-चार इंच वर उभी राहते. समोरून उसाची जोडट्रॉली आली की बुटक्या गाडीने खाली उतरायचं ते ती कड पोटाखाली घेऊनच. शेताला पाणी न्यायला रस्ता आडवा खोदून पाइपलाइन टाकतात आणि वर मुरमाचा उंचवटा करून ठेवतात, 'बसेल आपोआप' म्हणून. तो बसतो एका पावसात, आणि मग तिथे चर पडतो. खोल चाकोऱ्यांमधला मातीचा उंच पट्टा तर थेट चेंबरच्या रेषेत येतो. या गोष्टी रस्त्याचं दुर्दैव नाहीत. ज्याने खोदलं त्याने परवानगी घेतली का, आणि खोदलेलं पूर्ववत केलं का, एवढे दोन प्रश्न कुणी विचारले तर त्यांतल्या निम्म्या नाहीशा होतील.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पाच-पन्नास हौशी लोकांसाठी रस्ते का बदलायचे? कुणीच तसं मागत नाही. नियमातला गतिरोधक बुटक्या गाडीला चालतो, तसाच तो पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन शिर्डीला निघालेल्या छोट्या कारलाही चालतो. ती कार भरल्यावर किती खाली बसते, हे तिच्या मागे चालणाऱ्याला दिसतं. गॅरेजमध्ये चेंबर बदलायला येणाऱ्या गाड्या काही स्पोर्ट्स कार नसतात. आडव्या रुग्णाला घेऊन जाणाऱ्या रुग्णवाहिकेला तो फूटभर रुंदीचा उंचवटा काय करतो, हे तर सांगायलाच नको. बुटकी गाडी फक्त आधी घासते. तिचं घासणं हा रस्त्याच्या चुकीचा पहिला पुरावा असतो.

आणि हा पुरावा घेऊन जायचं कुठे? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमी झाल्यास पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली, चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेलं १९८ अ हे कलम रस्त्याचे निकष न पाळणाऱ्या यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड करतं, पण मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच. गाडीच्या नुकसानीला या दोन्हींत जागा नाही. विम्याच्या साध्या पॉलिसीत तुटलेलं चेंबर मिळू शकतं. पण तेल संपलेल्या अवस्थेत गाडी चालवून इंजिन बसलं तर ते 'परिणामी नुकसान' म्हणून बाहेर राहतं. दुरुस्ती न करता गाडी पुढे नेली तर वाढलेलं नुकसान मालकाचं, अशी अटच पॉलिसीत छापलेली असते. इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच घेतलं असेल तरच काही हाती लागतं. चेंबर हजारांत येतं आणि इंजिन लाखात जातं, ते या अटीच्या अलीकडे-पलीकडे.

म्हणूनच अशा गाडीच्या डॅशबोर्डवर फक्त तेलाचा लाल दिवा असून भागत नाही. तो दिवा लागतो तेव्हा दाब जवळपास संपलेला असतो. काट्याचं प्रेशर गेज लावावं. फटका बसल्याचा आवाज आला आणि काटा थरथरला, तर 'पुढच्या गावात बघू' न म्हणता जागच्या जागी इंजिन बंद करावं. एम-सील डिकीत असावं, पण तेलकट धातूवर ते धरत नाही. भाग कोरडा, स्वच्छ करून लावलं तर गॅरेजपर्यंत पोचवतं, त्यापुढे नाही. गतिरोधकावर ब्रेक आधीच सोडून द्यावा. तिरकं घेण्याची युक्ती खरी आहे, एक-एक चाक चढतं आणि पोट वर राहतं, पण मागे एसटी असताना कुणी ती करू नये.

नगर शहरात वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे, जिला सगळे व्हीआरडीई म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या नियमात नव्या वाहनाचा नमुना तपासणाऱ्या संस्थांमध्ये तिचं नाव आहे. लष्कराची वाहनं कुठल्या चढावर चढतात, कुठल्या खाचखळग्यांत टिकतात, हे मोजणारी माणसं याच शहरात राहतात. वाहन मोजायला एवढी यंत्रणा असलेल्या जिल्ह्यात रस्त्यावरचा उंचवटा मोजायला कुणीच नाही, ही तक्रार केवळ बुटक्या गाडीवाल्यांनी करायची नाही.

करायचं तेही फार नाही. सतरा मीटर त्रिज्येची, ३.७ मीटर लांबीची कमान प्लायवूडच्या पट्टीवर आखून देणं कुठल्याही सुताराला एका दिवसात जमतं. पट्टी गतिरोधकावर आडवी धरली की तो बसतो की नाही हे शाळकरी पोरगंही सांगेल. सार्वजनिक बांधकाम खात्याने आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने प्रत्येक तालुक्याला असा एक साचा ठेवावा, आणि त्याने घेतलेल्या मापाचा फोटो जोडल्याशिवाय गतिरोधकाचं एकही बिल मंजूर करू नये. ही मागणी पुढच्या ग्रामसभेत कुणीही मांडू शकतो. त्यासाठी दारात किट कार असायची गरज नाही. आणि ज्याच्या दारात ती आहे त्याने आज गाडीखाली वाकून गार्डचे बोल्ट नीट पाहावेत. ते सांगाड्यात नसून चेंबरच्या कडेत असतील तर गार्ड काढून ठेवावा.